वीतभर पाण्याची नदी

तुमच्या घराला गच्ची असेल तर एक गंमत करून बघा. एका कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओता. पाणी आपलं आपण वाट शोधत पन्हाळाच्या भोकाकडे निघेल, कारण गवंडीकाकांनी गच्ची करताना तिला उतार दिलेला असतो. दर मीटरला साधारण एक सेंटिमीटर. आता समजा, काकांचं लक्ष नव्हतं आणि दहा मीटर लांब गच्चीला या टोकापासून त्या टोकापर्यंत मिळून फक्त तीन कागदांच्या जाडीएवढा उतार मिळाला. पाणी हलेल का? हलेल हो, पण इतक्या सावकाश की आई म्हणेल, "पाणी तुंबलंय!" आणि गवंडीकाकांना फोन जाईल.

अशी एक गच्ची खरोखरच आहे. अमेरिकेच्या दक्षिण टोकाला, फ्लोरिडा राज्यात. तिचं नाव एव्हरग्लेड्स. तिथे किलोमीटरभर चाललं की जमीन जेमतेम तीन सेंटिमीटर उतरते, म्हणजे तुमची दोन बोटं शेजारी शेजारी ठेवलीत तर तेवढीच. आणि या गच्चीवरून एक नदी वाहते. पुण्याहून भिगवण जितकं लांब आहे, जवळपास तितका एके काळी या नदीचा एक काठ दुसऱ्या काठापासून लांब होता. आणि खोली? कुठे वीतभर, कुठे गुडघाभर. क्वचित कुठे कंबरेएवढी.

मी एव्हरग्लेड्सला गेलेली नाही. विमानाचं तिकीट पाहिलं आणि गुपचूप चहा करून घेतला. पण या उन्हाळ्यात मी एका ऑनलाइन वर्गात नाव घातलं. विषय होता, 'उपोष्ण कटिबंधातल्या पाणथळ जागा'. उपोष्ण म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडं वर, जिथे थंडी असते पण कडाक्याची नसते. तिथले सकाळचे दहा म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. माझ्या कुकरची दुसरी शिट्टी आणि तिथल्या बाईंचं "गुड मॉर्निंग" रोज एकदम व्हायचं.

पहिल्याच तासाला बाई गुडघाभर पाण्यात उभ्या. टोपीला कॅमेरा अडकवलेला, हातात काठी. एक पाऊल टाकायचं, काठीने पुढचा तळ चाचपायचा, मग दुसरं. माझी भाची सुट्टीला आली होती, सहावीतली. ती वाटाणे सोलता सोलता म्हणाली, "आत्या, या बाई पडल्या तर वर्ग सुटेल का?" मला हसू आलं, पण पुढचे दोन महिने ती एकही तास चुकली नाही.

आता नदी म्हटलं की आपल्याला काय दिसतं? घाट, वाळू, पलीकडचं गाव. इथे यातलं काही नाही. क्षितिजापर्यंत पिवळसर हिरवी पाती, वर आभाळ, आणि पात्यांच्या बुडाशी चकाकणारं पाणी. मिकासुकी आणि सेमिनोल हे तिथे राहणारे आदिवासी लोक. त्यांच्या बोलीत या प्रदेशाला पा-हे-ओकी म्हणतात, गवताळ पाणी. मार्जरी स्टोनमन डग्लस या लेखिकेने १९४७ मध्ये या प्रदेशावर पुस्तक लिहिलं आणि त्याच्या नावातच 'गवताची नदी' असं म्हटलं. त्याआधी बहुतेक लोकांना ती एक निरुपयोगी दलदल वाटायची. त्याच वर्षी, आपल्याकडे स्वातंत्र्य येऊन चार महिनेही झाले नव्हते तेव्हा, ६ डिसेंबरला तिथलं राष्ट्रीय उद्यान सुरू झालं. डग्लसबाई १०८ वर्षं जगल्या. आणि मला त्यांची सर्वांत आवडलेली गोष्ट सांगू? त्या स्वतः त्या चिखलात फारशा भटकायच्या नाहीत! डास फार, ओल फार. जिथे जायचं नाही तिथलीही काळजी वाहता येते, असं त्यांना वाटायचं. हे वाचल्यावर घरबसल्या शिकण्याची माझी लाज निम्मी गेली.

बरं, ते गवतसुद्धा गवत नाही. बाईंनी पहिला गृहपाठ दिला तो असा, की आपल्या आसपासची अशीच एखादी वनस्पती उपटा आणि दांडा दोन बोटांत फिरवा. आम्ही कुंडीत आगाऊपणे उगवलेला नागरमोथा उपटला. दांडा गोल फिरेना, टोचला. तीन कडा! गवताचा दांडा गोल आणि पोकळ असतो, मोथ्याच्या कुळातल्या वनस्पतींना बहुधा अशा कडा असतात. एव्हरग्लेड्समधली ती उंच पाती या मोथ्याचीच नातलग. पात्याच्या कडेला काचेसारखे बारीक दात असतात, म्हणून तिला करवत-गवत म्हणतात. उलट्या दिशेने हात फिरवला की रक्त.

आता मुख्य गोष्ट. इतक्या सपाट जागी उंचीतला जरासा फरकही फार मोठा असतो. आपल्याकडे सह्याद्रीत चढायला लागलं की तासाभराने झाडं बदलतात. एव्हरग्लेड्समध्ये पावलापावलाला बदलतात. हातभर उंच जागा मिळाली की तिथे मोठी झाडं उगवतात आणि पाण्यात एक बेट तयार होतं. काही बेटांच्या पोटात तर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांचा उकिरडा सापडतो. हाडं, कासवांच्या पाठी, मडक्यांचे तुकडे. वीतभर खाली आलं की करवत-गवत. आणखी वीतभर खाली कमळांसारखी फुलं आणि मोकळं पाणी. तिथले प्राणी-पक्षी घर बांधताना, अंडी घालताना, पोट भरताना हीच वीत मोजत असतात. कशी, ते बघू.

तिथे वर्षाचे दोनच भाग. मे ते ऑक्टोबर पाऊस, नोव्हेंबर ते एप्रिल कोरडं. आहे की नाही ओळखीचं? वर्षाला साधारण दीड मीटर पाऊस पडतो, कोकणापेक्षा बराच कमी. पण आपल्याकडचं पाणी घाटावरून धडाधड समुद्राला मिळतं आणि तिथलं रेंगाळतं. थेंबाला समुद्रापर्यंत पोचायला महिनेच्या महिने लागतात. मग कोरडे दिवस आले की हे पसरलेलं पाणी आटत आटत खड्ड्यांत गोळा होतं. मला वाटलं, आता बिचाऱ्या प्राण्यांचे हाल. बाई म्हणाल्या, "थांबा, आता मेजवानी सुरू होतेय."

मेजवानी कशी, हे कळायला आम्ही एक प्रयोग केला. तुम्हीही करा. वीस भिजवलेले हरभरे घ्या. ते पाण्याने भरलेल्या मोठ्या टबात टाका. डोळ्यांना ओढणी बांधा, हातात पोळ्या भाजायचा चिमटा घ्या आणि एका मिनिटात किती हरभरे पकडता येतात ते मोजा. भाचीला दोन मिळाले, आणि अर्धा टब माझ्या साडीवर आला. मग तेच वीस हरभरे लहान पातेल्यात. या वेळी अकरा!

आता चिमट्याच्या जागी चोच ठेवा. तिथे वूड स्टॉर्क नावाचा मोठा करकोचा आहे, डोक्यावर पिसं नसलेला. तो गढूळ पाण्यात चोच अर्धवट उघडी धरून चालतो. बघत नाहीच. चोचीला मासा लागला की चोच मिटते. एका सेकंदाचे चाळीस भाग करा, त्यातल्या एका भागात मिटते. पण मासा चोचीला लागायला तर हवा! पाणी भरपूर पसरलेलं असेल तर मासे टबातल्या हरभऱ्यांसारखे विखुरतात. पाणी आटलं की पातेलं तयार. म्हणून हा पक्षी पिल्लं वाढवायला बरोबर कोरडे महिने निवडतो. आणि मध्येच अवेळी जोराचा पाऊस आला तर? पाणी वीतभर वाढतं, मासे पांगतात, आणि कित्येकदा आईबाप पिल्लांसकट घरटं सोडून जातात.

हे ऐकून भाची गप्प झाली. मग म्हणाली, "आपल्याकडचा चित्रबलाकपण असाच चोच उघडी ठेवून चालतो." मी म्हटलं, तुला कसं माहीत? तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी अगदीच भोपळा आहे. तिचं घर इंदापूरला. तिथे जुन्या चिंचांवर दरवर्षी चित्रबलाकांची वसाहत भरते आणि ते चरायला उजनीच्या पाण्यावर जातात. मी पुस्तक काढून पाहिलं. चित्रबलाक आणि तो फ्लोरिडातला वूड स्टॉर्क एकाच प्रजातीगटातले, सख्खे चुलत म्हणावे असे! दोघांची मासे पकडायची रीतही एकच. तेरा-चौदा हजार किलोमीटर लांबच्या पाहुण्याची ओळख मला संगणकावर झाली, आणि त्याचा चुलतभाऊ माझ्या माहेरच्या चिंचेवर बसलेला.

पण पातेली येतात कुठून? काही खड्डे आपोआप पडलेले असतात, पण बरेचसे खणून ठेवलेले असतात, आणि खणणारा कामगार म्हणजे ॲलिगेटर. तो मगरीचा आणि सुसरीचा नातलग. शेपटी आणि तोंडाने चिखल-पाला उपसून तो स्वतःसाठी डबकं करतो. सगळीकडे पाणी आटलं तरी याच्या डबक्यात राहतं. मग मासे, कासवं, बेडूक, गोगलगाई सगळे तिथे मुक्कामाला. मालक त्यातल्या काहींना खातो, ते भाडं समजायचं. उपसलेल्या चिखलाच्या ढिगावर झाडं उगवतात, म्हणजे बागही तयार. आपल्या कृष्णाकाठच्या मगरीसुद्धा काठात बिळं खणतात. एव्हरग्लेड्सची आणखी एक ऐट आहे, ॲलिगेटर आणि अमेरिकन मगर दोन्ही रानात एकत्र राहतात अशी जगात ही एकच जागा. ओळखायचं कसं? तोंड मिटल्यावरही खालचा चौथा दात बाहेर दिसत असेल तर ती मगर. बाईंनी बजावलं, हे ओळखण्यासाठी जवळ जायचं नाही.

ॲलिगेटरची मादी पावसाळ्याच्या सुरुवातीला पाला-चिखलाचा ढीग करून त्यात अंडी घालते. ढीग कुजतो, त्याची ऊब अंड्यांना मिळते. ऊब साधारण ३३ अंशांच्या आसपास असली तर पिल्लं नर होतात, ३० अंशांच्या खाली माद्या. हे वाचून भाची म्हणाली, "म्हणजे दोन बहिणींना भाऊ हवा असेल तर गोधडी घालायची?" साधारण तसंच. पण इथेही वीत आहेच. ढिगातली अंडी पाण्याच्या किती वर ठेवायची याचा अंदाज चुकला आणि पाणी एकदम चढलं, तर सगळी अंडी बुडून मरतात.

तिथली ॲपल गोगलगायसुद्धा हाच हिशेब करते. राहते पाण्यात, पण अंडी घालायला देठावर चढते, पाण्याच्या वर साधारण वीतभर. पांढुरके मोती चिकटवल्यासारखी दिसतात. या गोगलगाईवर एक घार जगते. तिचं नावच स्नेल काइट, गोगलगाय-घार. चोच बारीक आणि आकड्यासारखी वळलेली, शंखातून मांस ओढून काढायला नेमकी. दुसरं काही ती फारसं खातच नाही. आणि मग एक पेच आला. या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण अमेरिकेतली, आकाराने कितीतरी मोठी गोगलगाय तिथे पसरली. घारीच्या पिल्लांच्या नखांतून ती निसटायची. सगळ्यांना वाटलं, संपल्या आता घारी. झालं उलटंच. ज्या पिल्लांच्या चोची जरा मोठ्या होत्या ती जास्त जगली, त्यांची पिल्लंही मोठ्या चोचीची झाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोजमापं मांडली होती. दहाएक वर्षांत घारींच्या चोची सरासरीने वाढल्या! उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांचं काम, असं मी शाळेत शिकले होते. इथे तर ती एका मुलाची पहिली ते दहावी होईपर्यंत घडली.

पुढच्या तासाला बाईंनी पाण्यातून एक मळकट, लिबलिबीत काहीतरी उचललं आणि पिळलं. आमच्याकडचं फरशी पुसायचं पोतेरंच ते. शास्त्रज्ञ त्याला पेरिफायटॉन म्हणतात. शेवाळं, जिवाणू आणि कितीतरी सूक्ष्म जीव एकमेकांना धरून राहतात, त्यांची ही गादी. छोटे मासे, झिंगे, गोगलगाई यावर चरतात, म्हणजे त्या साऱ्या मोठ्या पक्ष्यांची भाजी-भाकरी इथूनच सुरू होते. पाणी आटलं की ती वरून वाळते, पण आत ओल धरून ठेवते आणि पाऊस आला की पुन्हा जागी होते. तिच्यासोबत एक जांभळ्या फुलाची वनस्पती तरंगते. मुळं नसतात, बारीक पिशव्या असतात. पिशवीच्या दाराशी केस असतात, पाण्यातल्या किड्याचा त्यांना धक्का लागला की दार उघडून किडा आत ओढला जातो, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत. पापणी लवायला याच्या शंभरपट वेळ लागतो. हिची बहीण तुम्ही पाहिली असेल. कासच्या पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरात जांभळे गालिचे पसरतात ना, ती सीतेची आसवं. एवढं हळवं नाव आणि चिखलात गपचूप शिकार चालू!

तर हे पोतेरं फार नाजूक आहे. त्याला स्वच्छ, जवळजवळ उपाशी पाणी लागतं. पाण्यात फॉस्फरस हवा, पण किती? गच्चीवरची हजार लिटरची टाकी घ्या. तांदळाचा एक दाणा अर्धा तोडा. त्या अर्ध्या दाण्याच्या वजनाएवढा फॉस्फरस टाकीत टाकला, तर तीच तिथली कायद्याने ठरवलेली मर्यादा. त्याहून वाढला की पोतेरं विरघळतं, करवत-गवत मागे हटतं, आणि रामबाण माजतं. रामबाण म्हणजे पाणकणीस हो, आपल्या ओढ्याकाठी तपकिरी कणसं दिसतात ते. दाट रामबाणात करकोच्याला पाय ठेवायलाही जागा उरत नाही.

हा फॉस्फरस येतो शेतांतून. उत्तरेला ओकीचोबी नावाचं मोठं सरोवर आहे, पाणी तिथूनच निघायचं. सरोवराखाली काळी भुसभुशीत जमीन होती, हजारो वर्षं पाण्याखाली न कुजता साठलेल्या झाडपाल्याची. माणसांनी कालवे खणले, बांध घातले, पाणी काढून टाकलं आणि तिथे लावला ऊस. हो, ऊसच! माझ्या भावाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग तिकडेही टनाला भाव विचारतात का?" पण पाणी गेल्यावर त्या काळ्या मातीला हवा लागली, जिवाणू कामाला लागले आणि मातीच खाऊन टाकू लागले. १९२४ साली बेल ग्लेड नावाच्या गावी काही मंडळींनी नऊ फुटी काँक्रीटचा खांब खालच्या खडकापर्यंत ठोकला. वरचं टोक जमिनीच्या बरोबरीला. आज तो खांब पाच फुटांहून जास्त उघडा उभा आहे. खांब वर आलेला नाही, जमीन खाली गेली आहे. तुम्ही त्याच्या शेजारी उभे राहिलात तर तुमच्या आजोबांच्या आजोबांच्या पायाखालची माती तुमच्या डोक्यावर असती.

मूळच्या एव्हरग्लेड्सपैकी निम्मंच उरलं आहे. १९२८ मध्ये पूर्ण झालेला एक रस्ता नदीला आडवा आला होता, टॅमिआमी ट्रेल त्याचं नाव. त्याचा काही भाग आता तोडून पुलांवर उचलला आहे, खालून पाणी जावं म्हणून. आणि शेतातलं पाणी गाळायला काय बांधलं असेल? कारखाना? नाही. मोठमोठ्या पाणथळ जागाच. आधी पाणथळ बुजवायची, मग कोट्यवधी डॉलर खर्चून पाणथळ बांधायची. मोठ्या माणसांचा हिशेब कधी कधी मला कळत नाही.

अजगरांबद्दल सांगितल्याशिवाय भाची मला सोडणार नाही, म्हणून थोडक्यात. लोकांनी हौसेने पाळलेले बर्मी अजगर मोठे झाल्यावर दलदलीत सोडले, काही पळाले. आता तिथे त्यांचं राज्य आहे आणि रॅकूनसारखे प्राणी काही भागांत दिसेनासे झाले आहेत. २०१८ मध्ये त्यांचे जनुक तपासले तर काहींच्या रक्तात आपल्या भारतीय अजगराचाही अंश निघाला. भाची खूश! मी म्हटलं, यात खूश होण्यासारखं काय? ती म्हणाली, "आपलं माणूस आहे ना तिकडे."

आता आमचा एक रोजचा उद्योग सांगते. एव्हरग्लेड्सभर पाणी मोजायच्या पट्ट्या लावलेल्या आहेत. त्यांची मोजमापं जोडून चारशे मीटरच्या चौकोनाचौकोनात पाणी किती खोल आहे याचा नकाशा दररोज निघतो, आणि तो कुणालाही घरी बसून बघता येतो. मग सकाळी दूध तापायच्या आधी भाची नकाशा उघडायची. एप्रिलमध्ये पिवळा रंग वाढत गेला, म्हणजे पाणी उतरतंय. "आत्या, पातेली झाली!" असं ती स्वयंपाकघरात येऊन जाहीर करायची.

मेच्या सुरुवातीला आम्ही एसटीने इंदापूरला गेलो. उजनीच्या काठाला, पाण्यात चार पावलांवर, भाचीने बांबूची काठी रोवली. तिच्यावर स्वतःच्या वितीने खुणा केल्या, लाल नेलपॉलिशने. पाणी तिसऱ्या खुणेपर्यंत होतं. उजनी काही एव्हरग्लेड्स नव्हे, भीमेवरचं धरण आहे ते, पाणी कालव्यांना सोडलं की भराभर उतरतं. तरी तिला मोजायचंच होतं.

पंधरा दिवसांनी परत गेलो. पाणी इतकं मागे सरलं होतं की काठीची जागा शोधायला वेळ लागला. भेगाळलेला चिखल, शिंपले, आणि काठी कुठेच नाही. कुणीतरी चुलीत घातली असणार. भाची हिरमुसली, पाय आपटत पुढे चालायला लागली आणि एकदम थांबली. समोर एक लहानसं डबकं राहिलं होतं, आमच्या टबाहून जरा मोठं. त्यात एक चित्रबलाक उभा होता, चोच अर्धवट उघडी, पाण्यात बुडवलेली. भाचीने माझा हात घट्ट धरला आणि ओठ न हलवता मोजायला लागली. एक, दोन, तीन. चौथ्याला चोच मिटली.